चांगले पेव्हर ब्लॉक उखडून काँक्रीट करायचा ठराव झाला आहे. तो कुठे आणि कसा अडवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेने तीन वर्षांपूर्वी एका गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले. गल्ली सुमारे ३०० मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद आहे, आणि ब्लॉक अजून धडधाकट आहेत. तरी ते काढून तिथे काँक्रीट रस्ता करायचा ठराव सभेत मंजूर झाला. काम ४२ लाखांचे, निविदा निघालेली. दोन नगरसेवक विरोधात आहेत. रहिवाशांनी साडेतीनशे सह्यांचे निवेदन दिले, त्याला उत्तर नाही. पुढे काय?

सह्या वाया गेलेल्या नाहीत, पण सह्यांनी काम थांबत नाही. काम थांबते ते कागदातल्या चुकीमुळे, आणि तीही कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम) निघायच्या आत योग्य टेबलावर पोचली तर. एकदा आदेश हातात पडून ठेकेदाराने जेसीबी लावला की प्रत्येक अधिकाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: काम प्रगतीपथावर आहे, आता थांबवल्यास नगरपरिषदेचे नुकसान होईल. तेव्हा आज कितवा दिवस आहे ते आधी बघा आणि मग कागदाला हात घाला.

त्याही आधी तक्रार नेमकी कशाची आहे ते ठरवा. 'उधळपट्टी' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो. पहिली, काम मुळात नकोच होते. दुसरी, काम हवे होते पण दर फुगवलेला आहे. तिसरी, बिल पूर्ण निघाले पण काम अर्धे झाले किंवा झालेच नाही. तिन्हींचे पुरावे वेगळे असतात आणि ऐकणारे कार्यालयही वेगळे असते. निवेदनात तिन्ही एकत्र कालवून वर 'भ्रष्टाचार' लिहिले की वाचणारा कारकून सुटतो. एका ओळीत 'आरोप मोघम स्वरूपाचे आहेत' लिहून कागद दप्तरी दाखल करतो.

लेखापरीक्षक कशावर बोट ठेवतात ते पाहिले की हे लक्षात येते. मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांवर महालेखापरीक्षकांचा विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यातले वजनदार मुद्दे असे होते: सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदा न काढता दिली, ६४ कामांत कंत्राटदाराशी करारनामाच झालेला नव्हता, १३ कामांत त्रयस्थ तपासणीस नेमलेलाच नव्हता. नुसते 'हे काम अनावश्यक' म्हटले तर ते मत ठरते. 'करारनामा नाही' म्हटले तर ती नोंद ठरते, आणि नोंदीला उत्तर द्यावेच लागते. तुमचे काम नको असलेल्या प्रकारातले आहे, म्हणजे सिद्ध करायला सर्वांत कठीण. म्हणून 'नको' हे म्हणणे कागदातल्या नोंदींच्या भाषेत आणावे लागेल.

घड्याळाचे गणित असे आहे. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस लागतात. उत्तर आले नाही तर पहिल्या अपिलाला आणखी ३० ते ४५ दिवस. निविदा त्याच्या आत उघडून मोकळी झालेली असते. त्यामुळे माहिती अधिकार हे काम अडवायचे हत्यार नव्हे, ते नंतर हिशेब मागायला कामाला येते. अडवण्यासाठी तीन जवळचे रस्ते आहेत. पहिला, महाटेंडर्स हे राज्याचे ई-निविदा पोर्टल: तिथे निविदा संच आणि परिमाण पत्रक (कामातल्या बाबी आणि त्यांची मापे यांची यादी) असते, ते आजच उतरवून घ्या. मुदत उलटल्यावर सगळे कागद तितक्या सहज सापडत नाहीत. दुसरा, सोमवार: २०१८ च्या शासन निर्णयानुसार स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात, सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. बऱ्याच ठिकाणी हे दारावरच्या शिपायाला माहीत नसते, म्हणून निर्णयाची प्रत खिशात ठेवा. तिसरा, तुमचे दोन नगरसेवक. ते मुख्याधिकाऱ्यांना पत्र देऊन संपूर्ण नस्ती, म्हणजे कामाची फाइल, पाहायला मागू शकतात, आणि नगरसेवकाला 'नाही' असे लेखी द्यायला कोणीही कचरते.

नस्ती समोर आली की आधी टिप्पणी वाचा, म्हणजे डाव्या बाजूची हिरवट पाने. बहुतेक लोक उजवीकडचा पत्रव्यवहार चाळतात आणि टिप्पणी सोडून देतात. कनिष्ठ अभियंत्याने काय लिहिले, लेखापालाने 'तरतूद शिल्लक नाही' किंवा 'सदर रस्ता दोषदायित्व कालावधीत आहे' (म्हणजे खराब झाल्यास ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत आहे) असा शेरा मारला होता का, आणि त्यावर कोणी 'चर्चा केली, मान्य' लिहून सही केली, हे सगळे तिथेच असते. आतल्या प्रामाणिक माणसाचा विरोध एवढ्याच जागेत उरतो. तो शेरा सापडला तर तुमचे अर्धे काम झाले, कारण मग आक्षेप तुमचा राहत नाही, कार्यालयाचाच होतो.

आता अंदाजपत्रक. इथे वेळ घालवा, बाकीकडे कमी चालेल.

कामाचे नाव शब्दशः लिहून घ्या. आपल्याकडे कामांची नावे 'अमुक यांचे घर ते मारुती मंदिर रस्ता करणे' अशी असतात. तोच रस्ता दोन वर्षांनी 'मारुती मंदिर ते तमुक यांचे दुकान' या नावाने पुन्हा येऊ शकतो, एकदा वित्त आयोगातून, एकदा नगरोत्थान या राज्य योजनेतून, एकदा आमदार निधीतून. नावावरून हे पकडता येत नाही. साखळी क्रमांक (रस्त्यावरचे अंतर दाखवणारे आकडे), आराखडा आणि जिओटॅग छायाचित्रे मागा आणि मागच्या पाच वर्षांतली त्या प्रभागातली सगळी कामे एका नकाशावर रंगवा. एकाच तुकड्यावर दोन रंग आले तर तो तुमच्या तक्रारीचा पहिला परिच्छेद.

मग तीन वर्षांपूर्वीच्या ब्लॉकच्या कामाचा करारनामा काढा. त्यात दोषदायित्व कालावधी दिलेला असतो. तो चालू असेल तर दोनच शक्यता उरतात. ब्लॉक खराब झाले असतील तर जुन्या ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायला हवे होते, ती नोटीस दाखवा. खराब झाले नसतील तर बदलायचे कारण दाखवा. दोन्हींपैकी एक कागद हवाच. बहुतेक नस्त्यांत दोन्ही नसतात. जुन्या ठेकेदाराची सुरक्षा अनामत मुदतीआधी परत दिली का, हेही त्याच नस्तीत कळते.

आता ब्लॉकचा हिशेब. ३०० गुणिले साडेचार म्हणजे १,३५० चौरस मीटर. ब्लॉक २०० बाय १०० मिलीमीटरचा साधा आयताकृती असेल तर चौरस मीटरला ५० बसतात, म्हणजे साडेसदुसष्ट हजार ब्लॉक. काढताना पाचातला एक फुटला असे धरले तरी चोपन्न हजार चांगले ब्लॉक हातात राहतात. ते कुठे जाणार? अंदाजपत्रकात 'ब्लॉक काढून, निवडून, रचून नगरपरिषदेच्या आवारात जमा करणे' अशी बाब हवी, आणि जुन्या साहित्याची किंमत वजा दाखवलेली हवी किंवा ते दुसऱ्या गल्लीत वापरायचा प्रस्ताव हवा. 'काढून टाकणे व विल्हेवाट लावणे' एवढेच लिहिले असेल तर चोपन्न हजार ब्लॉक ठेकेदाराला फुकट गेले. त्यांची किंमत काढायला वेगळा तज्ज्ञ नको. नव्या ब्लॉकचा दर दरसूचीतच, म्हणजे शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीतच, असतो. हा मुद्दा साधा आहे, पण सभेत त्याला उत्तर देताना अभियंत्याची गडबड होते.

पुढे उंची बघा. जुना ब्लॉक ८० मिलीमीटर आणि खालची वाळू ४० मिलीमीटर धरली तर १२० मिलीमीटर निघणार. त्या जागी १०० मिलीमीटर साधे काँक्रीट आणि वर १५० मिलीमीटर रस्त्याचे काँक्रीट, म्हणजे २५० बसणार. रस्ता १३० मिलीमीटर वर येणार. अंदाजपत्रकात तेवढ्या खोदाईची बाब नसेल तर पावसाळ्यात पाणी घरांच्या उंबऱ्याला लागते, आणि पुढच्या वर्षी 'गटारांची उंची वाढवणे' हे नवे काम निघते. एका नको असलेल्या कामाच्या पोटी दुसरे काम जन्माला येते ते असे.

सर्वांत जोरदार मुद्दा जमिनीखाली असतो. त्या गल्लीतून भुयारी गटार किंवा नवी जलवाहिनी मंजूर आहे का? पाणीपुरवठा विभागाची नस्ती वेगळी असते, बांधकामाची वेगळी, आणि ती एकमेकींना भेटत नाहीत. मंजूर योजनेच्या आराखड्यात तुमची गल्ली असेल तर दीड वर्षात नवे काँक्रीट फोडले जाणार हे सरकारी कागदावरच लिहिलेले आहे. मग 'काम अनावश्यक' हे मत राहत नाही. नगरपरिषदेच्याच दोन ठरावांचा आपसातला विरोध तो.

दर फुगवले आहेत का ते तपासताना एक गल्लत होते. लोक इंटरनेटवरचा किंवा ओळखीच्या ठेकेदाराचा दर घेऊन बसतात. तुलना त्या वर्षाच्या राज्य दरसूचीशीच करायची, आणि वाहतूक अंतर, स्वामित्वधन (खडी-वाळूवरची रॉयल्टी), वस्तू व सेवा कर बाजूला काढून करायची. दरसूचीतल्या बाबींत फार फुगवता येत नाही. फुगवटा येतो तो दरसूचीबाहेरच्या बाबींत. शोभेचे दिवे, ओपन जिमचे साहित्य, बाकडी, कमानी, कॅमेरे. इथे दर ठरतो तीन दरपत्रकांवर. तिन्ही दरपत्रके शेजारी ठेवा. अक्षरवळण एकच, शुद्धलेखनाची चूक तिन्हींत एकाच ठिकाणी, एकाला जीएसटी क्रमांकच नाही, असे सर्रास दिसते. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की कंपनीचे कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख विनाशुल्क दिसते. दरपत्रकाच्या तारखेनंतर नोंदणी झालेली कंपनी सापडली तर पुढे फार बोलावे लागत नाही.

निविदेत दोन टोके संशयाची. सगळे बोलीदार अंदाजपत्रकाच्या अर्ध्या-एक टक्क्याच्या आसपास असतील तर स्पर्धा नावापुरती आहे. याउलट बोली २५-३० टक्के कमी दराने आली तर लोक खूश होतात, 'पैसे वाचले' म्हणतात. ते वाचत नाहीत. एकतर अंदाजपत्रक तेवढे फुगवलेले होते किंवा काम तेवढे पातळ होणार आहे, आणि पुष्कळदा 'वाढीव बाब' म्हणून तेवढीच रक्कम मागच्या दाराने परत येते. म्हणून इतक्या कमी दराच्या बोलीवर अतिरिक्त अनामत घेतली का ते पाहा. अटींमध्ये 'अभियंत्याचा स्थळ पाहणी दाखला जोडावा' असे असेल तर थांबून विचार करा: दाखला घ्यायला जो जो गेला त्याचे नाव निविदा उघडण्याआधीच कळते.

एकाच कामाचे तुकडे केलेले नाहीत ना, तेही पाहा. ई-निविदेच्या मर्यादेच्या किंचित खाली बसणारी तीन-चार कामे, एकाच रस्त्यावर, एकाच दिवसाच्या मंजुरीने, हा ओळखीचा नमुना आहे.

एवढे हाती आले की कुठे जायचे?

नगरपरिषद असेल तर १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाचे कलम ३०८. ठरावाची अंमलबजावणी बेकायदेशीर असेल, जनहिताविरुद्ध असेल किंवा लोकांना त्रासदायक ठरणार असेल, तर जिल्हाधिकारी लेखी आदेशाने ती स्थगित करू शकतात. महापालिका असेल तर १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४५१, आणि तिथे अधिकार राज्य शासनाचा आहे, जिल्हाधिकाऱ्यांचा नव्हे. मुंबई महापालिकेचा कायदाच वेगळा, १८८८ चा. चुकीच्या कलमाखाली चुकीच्या साहेबांना अर्ज दिला की तो फिरत राहतो आणि तोवर काँक्रीट सुकते.

अर्ज कसा लिहायचा यावर सगळे अवलंबून आहे. 'चौकशी करून योग्य ती कारवाई व्हावी' असे लिहिले तर अर्ज 'उचित कार्यवाहीस्तव' शिक्का घेऊन त्याच मुख्याधिकाऱ्याकडे परत येतो ज्याच्याविरुद्ध तो केला होता. विषयातच लिहा: 'कलम ३०८ अन्वये सभा दिनांक अमुक, ठराव क्रमांक तमुक याच्या अंमलबजावणीस स्थगिती मिळणेबाबत'. मजकूर दोन पानांपेक्षा जास्त नको. चार मुद्दे, प्रत्येकाखाली एकच जोडपत्र: जुना करारनामा आणि त्यातला दोषदायित्वाचा कालावधी, ब्लॉकच्या किमतीची वजावट नसलेले अंदाजपत्रकाचे पान, गटार योजनेचा आराखडा, टिप्पणीतला शेरा. 'साटेलोटे', 'संगनमत', 'मलिदा' हे शब्द वर्तमानपत्राला ठेवा. शेवटच्या ओळीत निविदा उघडायची तारीख ठळक लिहा, म्हणजे निकड वाचणाऱ्याला कळते. पोच घ्या. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात देऊन एक प्रत त्याच कार्यालयातल्या नगर प्रशासन शाखेत हातोहात द्या, कारण स्थगितीच्या प्रस्तावाची टिप्पणी तिथेच तयार होते.

अर्ज नगरसेवकाच्या नावाने असला तर वजन जास्त, रहिवाशांच्या नावाने असला तर हेतूवर शंका कमी. दोन्ही द्या, पण वेगवेगळे. एकाच कागदावर सह्या केल्या की 'राजकीय हेतूने' हा शेरा तयारच असतो.

नगरसेवकांनी सभागृहात काय करायचे, हा वेगळा विषय आहे आणि इथे विरोधक स्वतःच जास्त घालवतात. विषयपत्रिकेवर साठ विषय असतात, दहा मिनिटांत 'मंजूर, मंजूर' होते, आणि महागडे विषय बहुधा ऐनवेळचे म्हणून येतात. घोषणा देऊन सभात्याग केला की फोटो छापून येतो, पण इतिवृत्तात ठराव 'सर्वानुमते मंजूर' होतो, कारण विरोध करणारे सभागृहात नव्हते. सभात्याग करायचाच असेल तर मतदानानंतर. आधी लेखी विरोध सभाध्यक्षांकडे द्या, प्रतीवर सही घ्या, मतविभागणी मागा, 'मुख्याधिकाऱ्यांचा कायदेशीर व आर्थिक अभिप्राय ठरावात नमूद करावा' अशी मागणी करा. अभिप्राय लिहायची वेळ आली की मुख्याधिकारी सावध होतो. सही त्याची असते आणि नोकरी त्याला पुढे वीस वर्षे करायची असते. पुढच्या सभेत 'मागील इतिवृत्त कायम करणे' हा विषय येतो. तो कोणी ऐकत नाही. विरोध नोंदला गेला आहे का ते तिथे तपासा, नसेल तर दुरुस्ती मागा. पुढे लेखापरीक्षणात बेकायदेशीर खर्चाचा अधिभार (म्हणजे तो खर्च जबाबदार व्यक्तींकडून वसूल करणे) बसायची वेळ आली तर ज्याचा विरोध नोंदलेला असतो तोच वाचतो. हे विरोधी नगरसेवकांनाच नव्हे, सत्ताधारी बाकांवरच्या कुंपणावर बसलेल्यांनाही खासगीत सांगून पाहा. तत्त्वापेक्षा अधिभाराच्या उल्लेखाने जास्त मते फिरतात.

महापालिकेत हीच लढाई स्थायी समितीच्या सोळा जणांत होते. तिथे दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे महापालिका अधिनियमाच्या अनुसूचीतल्या प्रकरण ५, नियम २(२) खाली विनानिविदा द्यायची कामे. या नियमात कारणे कार्यवृत्तांतात नोंदवावी लागतात. 'तातडीचे' एवढा एक शब्द म्हणजे कारण नव्हे. दुसरे म्हणजे वर्गीकरण. शाळा दुरुस्तीची तरतूद वर्षअखेर 'अखर्चित' ठरवून कमानी आणि बाकड्यांकडे वळवली जाते, आणि हा ठराव जानेवारी ते मार्चमध्ये शांतपणे पार पडतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळे पत्रकार हजर असतात. वर्गीकरणाच्या दिवशी कोणीच नसते. पुढच्या वर्षीचा वायफळ खर्च अडवायचा असेल तर लढायची जागा अर्थसंकल्पाच्या आधी, प्रभागातल्या कामांच्या याद्या तयार होताना असते.

बऱ्याच शहरांत २०२२ नंतर काही वर्षे सभागृहेच नव्हती. प्रशासकच ठराव करत आणि प्रशासकच अंमलात आणत. त्या काळातली कामे तपासताना इतिवृत्त शोधू नका, 'प्रशासक ठराव नोंदवही' मागा.

स्थगिती नाही मिळाली आणि काम सुरू झाले, तर तुमची तक्रार पहिल्या प्रकारातून तिसऱ्यात गेली. आता टेप घ्या.

रस्त्याची जाडी काँक्रीट ओतायच्या आधी साच्याच्या कडेला मोजता येते, नंतर नाही. १,३५० चौरस मीटरला १५० मिलीमीटर जाडी म्हणजे २०२.५ घनमीटर. मिक्सरची गाडी सहा घनमीटरची धरली तर ३४ खेपा. जाडी १२० मिलीमीटरच ठेवली तर १६२ घनमीटर, २७ खेपा. सात गाड्यांचा फरक गल्लीतल्या कोणत्याही गच्चीवरून मोजता येतो. दोघांनी आळीपाळीने बसून गाडी क्रमांक आणि वेळ वहीत लिहा. मोबाइलवर तारीख, वेळ, ठिकाण उमटवणारा कॅमेरा वापरा. नंतर मोजमाप पुस्तिकेतला (झालेल्या कामाची मापे नोंदवायच्या सरकारी वहीतला) आकडा या वहीशी ताडायचा. वाहन क्रमांक परिवहन खात्याच्या अॅपवर टाकला की वाहनाचा प्रकार दिसतो. नालेसफाई आणि राडारोडा वाहतुकीच्या बिलांत ही तपासणी पहिली करा. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरे वाहणारे म्हणून दाखवलेले ट्रक कागद तपासल्यावर स्कूटर निघाले होते, आणि ही युक्ती जुनी झालेली नाही.

डांबराचे काम असेल तर वजनाने मोजा. २०० मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, ३० मिलीमीटर थर म्हणजे ३३ घनमीटर. दाबलेल्या मिश्रणाचे वजन घनमीटरला २.३ ते २.४ टन, म्हणजे साधारण ७६ ते ७९ टन. तेवढ्याच्या वजनकाट्याच्या पावत्या नस्तीत हव्यात. मिश्रणात डांबर पाच टक्के धरले तर सुमारे चार टन डांबर, आणि त्याचे तेल कंपनीचे मूळ चलन. एकच चलन छायाप्रत काढून तीन कामांना जोडणे हा नेहमीचा खेळ आहे. म्हणून चलनाचा क्रमांक लिहून घ्या आणि त्याच ठेकेदाराच्या शेजारच्या कामांची नस्तीही मागा.

काँक्रीटच्या ताकदीवर शंका असेल तर गाभा नमुना, म्हणजे कोअर काढायची मागणी करा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे तीन कोअरची सरासरी अपेक्षित घनताकदीच्या (काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्याच्या दाबताकदीच्या) किमान ८५ टक्के आणि कोणताही एक ७५ टक्क्यांहून कमी नको. कोअरने जाडीही आपोआप कळते. जागा ठेकेदाराला निवडू देऊ नका. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रतिनिधीसमोर, पंचनामा करून, नमुन्यावर सर्वांच्या सह्या घेऊन काढा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. लोक फक्त कागद मागतात आणि हा हक्क कोरा राहतो.

आता माहिती अधिकाराचा अर्ज, कारण त्याची वेळ इथे येते. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'का' आणि 'कोणाच्या सांगण्यावरून' असे प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारी 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' म्हणून मोकळा होतो. कागदांची नावे लिहा. मजकूर असा चालेल:

'निविदा क्रमांक अमुक, कामाचे नाव तमुक, या कामाच्या संपूर्ण नस्तीचे टिप्पणी भागासह अवलोकन मिळावे. अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. नस्तीत पुढील कागद असावेत: तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, मंजूर अंदाजपत्रक, तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल, त्रयस्थ तपासणी अहवाल, काढलेल्या साहित्याची जमा नोंद. यांपैकी जो कागद अस्तित्वात नाही, त्याबाबत तसे लेखी कळवावे.'

शेवटचे वाक्य सोडू नका. 'अभिलेख उपलब्ध नाही' हे उत्तर लोकांना अपयश वाटते. प्रत्यक्षात चाचणी अहवाल नसताना देयक अदा झाले याची ती कबुली असते.

अवलोकन आधी आणि प्रती नंतर, याचे कारण साधे आहे: पानाला दोन रुपये असले तरी आठशे पाने आली की पिशवीभर कागदात नेमकी मोजमाप पुस्तिका गायब असते. नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरे. ठेकेदाराचे नाव किंवा देयक 'वैयक्तिक माहिती' म्हणून अडवायचे प्रकार २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर वाढणारच. अपिलात कलम ८(२) चा आधार घ्या. व्यापक जनहित असेल तर सवलतीतली माहितीही देता येते. सार्वजनिक पैशाचे देयक ही कोणाची घरगुती गोष्ट नव्हे, एवढे एक वाक्य अपिलात असू द्या.

अर्ज एकाच माणसाच्या नावाने जाऊ देऊ नका. चौघांनी चार अर्ज करावेत. ठेकेदार किंवा त्याचा माणूस 'बसून बोलू' म्हणाला तर एकट्याने, हॉटेलात, कधीही जाऊ नका. खंडणीचा गुन्हा दाखल करायला अशीच भेट लागते. भेटायचे तर नगरपरिषदेच्या कार्यालयात, अभियंत्यासमोर.

एक कागद मात्र सगळ्यात आधी मागून ठेवायला हवा होता, आणि अजूनही मागा: स्थानिक निधी लेखापरीक्षेचा शेवटचा अहवाल आणि त्याचे अनुपालन. त्यात 'आक्षेपाधीन' आणि 'वसूलपात्र' अशा रकमा कामानिहाय असतात. तुमच्या ठेकेदाराचे किंवा तुमच्या गल्लीचे नाव तिथे आधीच असण्याची शक्यता बरीच. वसूलपात्र ठरलेली रक्कम वसूल केली का, एवढा एकच लेखी प्रश्न नगरसेवकाने सभेत विचारला तरी चार नस्त्या हलतात.

उच्च न्यायालयाबद्दल थोडक्यात. रस्ता काँक्रीटचा करावा की ब्लॉकचा, यात न्यायालय सहसा पडत नाही. निविदा प्रक्रिया किंवा कायद्याचा भंग असेल तर पडते. कलम ३०८ चा अर्ज आणि त्याची पोच न जोडता गेलात तर पहिला प्रश्न तोच येतो. लाचेची मागणी झाली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक. पण नुसता निर्णय चुकीचा आहे म्हणून तिथे गेल्यास, २०१८ पासूनच्या कलम १७अ नुसार चौकशीला पूर्वमंजुरी लागते आणि वर्ष निघून जाते.

काम होऊन बिल निघाले तरी एक तारीख उरते. नव्या करारनाम्यातला दोषदायित्व कालावधी संपायच्या दोन महिने आधी रस्त्याची पाहणी करा, भेगा आणि खचलेले भाग साखळी क्रमांकासह लिहा, आणि 'सुरक्षा अनामत परत करू नये' असे पत्र मुख्याधिकारी आणि लेखापाल या दोघांना द्या. लेखापालाला विसरू नका. परतीच्या धनादेशाची नस्ती त्याच्या टेबलावरून जाते, आणि आक्षेपाचे पत्र नस्तीत असताना एकट्याच्या सहीने पैसे सोडायला तो सहसा तयार होत नाही.